काशीच्या गालावरचं बोंड

आमच्या देवघरात बाळकृष्णाच्या मागे चांदीची एक डबी आहे, सुपारीएवढी. धाकट्या सुनेने परवा ती चिंच लावून लख्ख घासली आणि उघडून पाहिली, तर आत पिवळट पडलेलं चिमूटभर काहीतरी. कापूस समजून ती ते वातींच्या पेटीत टाकायला निघाली होती. मी अशी ओरडले की पोरीच्या हातून डबीच पडली. मग तिला सांगितलं, अगं, तो कापूस नाही, केस आहेत, माझ्या बहिणीच्या गालावरचे. तिने माझ्याकडे जे पाहिलं त्यावरून कळलं, म्हातारी चळली असं तिला वाटलं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच ठेवावं. अक्षरओळख मला पन्नाशीनंतर झाली, तीही नातीच्या पाटीवर, त्यामुळे ओळी वरखाली जातात. शिवाय यात माझी बाजू काही फार चांगली दिसणार नाही. पण आता कोण मला सासरहून हाकलून देणार आहे?

माझं माहेर अमरावतीहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, तिवशाच्या अंगाला. काळी जमीन, आणि तिच्यात नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. घरात बाबा, माय, बाबांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, मी आणि माझ्या पाठची काशी. त्या घराची आठवण आली की मला आधी आवाज येतो, रेच्याचा. दोन लाकडी लाटांच्या मधून कापूस ओढायचा, सरकी अलीकडे पडायची आणि रुई पलीकडे, आणि दिवसभर ते लाकूड कुरकुरत असायचं. आत्या रेच्यावर बसली की तिचं तोंडही त्याच तालावर चाले. रुई सगळीकडे असायची, ताकात, भाकरीवर, पापण्यांवर. अंबाडीच्या भाजीत रुईचा धागा आला नाही असं जेवण त्या दिवसांत मी जेवले नाही. अजूनही जवसाची चटणी आणि ज्वारीची गरम भाकर पुढे आली की मी बोटाने भाकर आधी पुसते. सुना हसतात. हसोत.

काशीच्या डाव्या गालावर, नाकाच्या बाजूला, एक गाठ उगवली ती तुरीच्या दाण्याएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती होती. आत्या म्हणाली, चामखीळ आहे. चामखिळीला उपाय ठरलेला, घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायचा, आठ दिवसांत ती सुकून गळते. कापसाच्या अडत्याची घोडी गावात आली तेव्हा मी स्वतः जाऊन तिच्या शेपटीचा केस आणला आणि गाठ मीच मारली. काशी रडली, मी तिला मांडीवर घेऊन गूळ भरवला. गाठ गळली नाही, केसच गळून पडला. तरी त्या दिवसांत मी काशीवर जीव टाकत होते, हे मुद्दाम लिहून ठेवते. गालावर चामखीळ असलेल्या बहिणीवर प्रेम करणं मला मुळीच जड गेलं नाही. येणारीजाणारी बाई आधी तिच्या गालाकडे बघून चुकचुकायची, मग माझ्याकडे बघून म्हणायची, थोरली मात्र देखणी हाय.

पुढच्या हिवाळ्यात त्या गाठीच्या बरोब्बर मध्ये एक बारीक भोक पडलं आणि त्यातून दोन केस बाहेर आले. पांढरेशुभ्र. काशीचं डोकं कोळशासारखं काळं आणि हे केस असे, रेशमाहून मऊ. दोनाचे पाच झाले, पाचाचा झुपका झाला. एका सकाळी अंगणात तिची वेणी घालताना आत्याने तिचा चेहरा उन्हाकडे वळवला आणि फणी टाकून किंचाळलीच.

"वं माय! हे काय चामखीळ हाय? हे तं बोंड फुटलं वं पोरीच्या गालावर!"

आणि खरंच ते तसं दिसत होतं. उकललेलं इवलंसं बोंड, त्यातून डोकावणारा कापूस. त्याच आठवड्यात बाबा अमरावतीच्या बाजारातून आले ते गाडीत उभे राहून गाणं म्हणत. कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. साता समुद्रांपलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा माल अडकला होता, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली होती, हे मला फार उशिरा समजलं. बाबांना अडत्याने ते तेव्हाच सांगितलं असणार. पण घरात, डोळ्यांपुढे, पोटच्या पोरीच्या गालावर बोंड फुटलेलं असताना समुद्रापलीकडची लढाई कोण लक्षात घेतो?

माझा नातू डॉक्टर झाला आहे. त्याला मी विचारलं होतं. तो म्हणाला, आजी, केसाच्या मुळापासून होणारी ती एक गाठ असते, फार क्वचित दिसते, आणि तिच्याने काही अपाय होत नाही. एका भोकात पुष्कळ बारीक केसांची मुळं गोळा होतात आणि झुपका बाहेर येतो. एवढंच. मी म्हटलं, बाबा रे, तू साठ वर्षं उशिरा जन्मलास.

त्या दिवसापासून घरात दोन मुली राहिल्या नाहीत. एक लक्ष्मी राहिली आणि एक मी. बाजाराला गाड्या जुंपल्या की बाबा काशीला जोत्यावर उभी करत, तिच्या गालाला बोट लावून ते स्वतःच्या कपाळाला लावत, मग बैलांच्या कपाळाला. बैलांच्याही! माझ्या पाठीवरून हात फिरवायची आठवण त्यांना राहिली नाही. दुधावरची साय काशीला, शेणाची पाटी मला. काशीने उन्हात जायचं नाही, बोंड वाळेल. मी मात्र वेचणीला. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटांची अग्रं फाटायची, रात्री मीठ लागलं की जीव जायचा. अमरावतीहून तिला गर्भरेशमी परकर आला आणि मला त्याच गाठोड्यातला सुती. मी तो सुती परकर चुलीपुढे बसून मुद्दाम ठिणग्यांनी जाळला. मायने मारलं. मार खाताना मी काशीकडे बघत होते. ती सायीची वाटी माझ्यासाठी अर्धी ठेवून दारात उभी होती आणि तेवढ्याचाही मला राग आला. दुसऱ्याने काही देऊ करावं आणि त्याचा आपल्याला आणखी राग यावा, असा हा रोग आहे. बरा होत नाही.

पण साय गेली, परकर गेला, ते मी गिळलंही असतं. माझं सीतादही गेलं ते मला गिळता आलं नाही. कपाशीचा पहिला वेचा सुरू करायच्या दिवशी बाया शेतात सीतादही करतात. पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात शेतात शिंपडायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं. आमच्याकडे ते घरच्या कुवार मुलीने वेचायचं, पण स्वतःपाशी ठेवायचं नाही, दुसऱ्या बाईच्या ओटीत घालायचं. जिच्या ओटीत ते पडलं तिच्या पावलांनी त्या वर्षीची बरकत येणार. कळायला लागल्यापासून तो मान माझा होता. मी बोंड वेचायची आणि मायच्या ओटीत घालायची, आणि माय सगळ्या बायांसमोर माझ्यावरून हात उतरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची. बोंड फुटलं त्या वर्षापासून आत्याने मला मागे ओढलं. "तू नोको वं. कासीले जाऊ दे म्होरं." वेचणाऱ्या सगळ्या बायांसमोर.

दुसऱ्या वर्षी गोष्ट अकोल्यापर्यंत गेली. तिथलं एक मोठं घराणं, शेती भरपूर, कापसाचा व्यापार, एकुलता मुलगा. त्यांनी अडत्याच्या हातून निरोप पाठवला, गालावर बोंड असलेली मुलगी आम्हाला द्या. बाबा म्हणाले, थोरलीचं व्हायचं आहे. तिकडून उत्तर आलं, थोरलीला कुठेही उजवा, आम्हाला काही लागत नाही, फक्त धाकटी द्या. तेव्हा मुलींची लग्नं कळायच्या आत लागत, पण एवढं मला नीट कळत होतं की थोरलीला डावलून धाकटी गेली की गाव थोरलीत खोट शोधतं. आत्याने तर तिवशाकडचं एक स्थळ माझ्यासाठी काढूनही ठेवलं, नवरा बिजवर, दोन लेकरांचा बाप. "चालते," ती मायला म्हणाली. "पोट्टी कष्टाची हाय." मी दाराआड होते.

अकोल्याच्या बाई, म्हणजे मुलाची आई, सीतादहीच्याच दिवशी येणार असं ठरलं. पोरीने पहिलं बोंड वेचताना त्यांना बघायचं होतं, आणि गालावरच्याला स्वतः हात लावायचा होता. त्या सकाळी घरात पुरणाचा वास, अंगणात सडा, आणि काशीला नटवायचं काम, अर्थात, माझ्याकडे. मी तिला कापसाच्या खोलीत नेलं. खोली आढ्यापर्यंत भरलेली, दाराशी दोघी बसू एवढीच जागा. कापसाच्या खोलीत आवाज मरतो, बाहेरचा आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. मी तिचे केस विंचरले, तेल लावलं, वेणी घातली, काजळ घातलं. मग कमरेला खोचलेली पुडी सोडली. तिच्यात चुलीतली राख होती. राख लावली की केस चिमटीतून निसटत नाही, हे आत्यानेच शिकवलेलं. मी दोन्ही बोटं राखेत बुडवली, तिची हनुवटी धरली आणि तो झुपका चिमटीत पकडला. तिला कळलं. तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि चेहरा मागे घेतला नाही. मी ओढलं. सगळा झुपका एकदम आला, मुळाशी पांढरट ओलं काहीतरी घेऊन. तिच्या एकाच डोळ्यातून पाणी आलं आणि काजळ ओघळलं.

"झालं काय, बाई?" तिने विचारलं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात.

तिने माझ्याच ओढणीच्या टोकाने गालावरची राख पुसली, काजळ पुसलं, माझ्या हातातला झुपका घेतला आणि माझ्या ओटीत, परकराच्या नेसूत, नीट खोचून दिला. मला वाटलं, लपवायला मदत करते आहे. वेडी आहे, असंही वाटलं.

शेतात अकोल्याची दमणी, बैलांची हलकी गाडी, आधीच उभी होती. बाई उतरल्या. थोराड अंग, नाकात भरघोस नथ, आवाज पुरुषी. दहीभात शिंपडून झाल्यावर त्यांनी काशीला जवळ ओढलं आणि हनुवटी धरून गाल उन्हाकडे केला. सगळ्या बाया पुढे सरकल्या. गालावर गाठ होती, गाठीत भोक होतं आणि भोकात काही नव्हतं.

"वेचलेलं हाय हे," त्या म्हणाल्या. "कोनं वेचलं?"

मायच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट खाली पडलं. बाबा बांधावरून पुढे आले. मी तोंड उघडणार होते की पळणार होते, आज सांगता येत नाही. काशी अगदी सरळ आवाजात म्हणाली, "म्या वेचलं. आज सीतादही नाही का? पह्यलं बोंड कुवार पोरीनं वेचाव लागते. वेचलं आन् बाईच्या ओटीत घातलं."

त्या बाई माझ्याकडे आल्या, माझ्या नेसूत बोट घालून त्यांनी तो झुपका काढला आणि तळहातावर धरला. वारा होता, म्हणून दुसरा हात आडवा धरला. मला नीट न्याहाळलं, बहुधा पहिल्यांदाच. मग आत्याकडे वळल्या. "पोरगी बरोबर बोलून राह्यली. जिच्या ओटीत पडलं तिचं. हीच पाह्यजे आमाले. थोरलीच." आत्याने मान डोलावली. रीत तिचीच होती.

घरी परतताना बाबांनी काशीच्या पाठीत दोन गुद्दे घातले. घरची लक्ष्मी हाताने उपटून दिली म्हणून. तिने एकदाही माझं नाव घेतलं नाही. मी विहिरीवर तिला गाठून विचारलं, का केलंस? ती खांदे उडवून म्हणाली, "मले नव्हतं जाचं त्यायच्या घरी. जो येते तो गालालेच हात लावते." मी ते लगेच मानलं. मानणं सोयीचं होतं. तिला नको होतं ते मी घेतलं, यात माझा काय गुन्हा? उलट मला राग आला की चोरी मी केली आणि मोठी तीच झाली.

मी अकोल्याला आले. झुपका चांदीच्या डबीत घालून देवघरात ठेवला गेला, आणि रोज सकाळी फुलं वाहताना सासूबाई आधी डबीला हात लावत, मग माझ्याकडे बघून मान हलवत. कापसाचे दोन हंगाम सुखाचे गेले. मग ती पलीकडची लढाई मिटली आणि भाव असा पडला की रेचे बंद झाले, कापूस आवारातच भिजू लागला. एका सकाळी सासूबाईंनी डबी उघडून मला समोर बसवलं. "एक सांग. पऱ्हाटीले दुसरा वेचा असते. तुह्या बहिनीच्या गालावर परत फुटलं असंन तं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. "फुटलं असंन तं तिलेही आनू," त्या शांतपणे म्हणाल्या. "याच घरात. तू थोरली, ते धाकटी." म्हणजे सवत. माझीच बहीण.

दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा त्या सोबत आल्या, पाहायलाच. मी वाटभर देवाचं नाव घेत होते आणि काशीला शिव्या देत होते. त्यांनी काशीला दारात उभी करून गाल उन्हात धरला. साफ होता. बारीक भोक, बस्स. "आटलं हिचं," सासूबाई म्हणाल्या, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी दमणीत माझ्या अंगावर स्वतःची शाल घातली. मी शाल घट्ट ओढून घेतली आणि मनात म्हटलं, बरं झालं आटलं. पुढे काशीचं लग्न झालं, तिवशाच्या त्याच बिजवराशी. दोन सावत्र लेकरं तिने आपली म्हणून वाढवली. ती भेटेल तेव्हा माझी नजर आधी तिच्या गालावर जायची. प्रत्येक वेळी साफ. प्रत्येक वेळी मला बरं वाटायचं. चाळीस वर्षं.

तिला अर्धांगवायू झाला तेव्हा मी तिला अकोल्याला माझ्याकडे आणलं. उजवा हात गेला होता, डावा नुसता थरथरायचा, जीभ जड झाली होती. मी तिला वरणाचं पाणी भरवायची, अंग पुसायची. दोनतीन आठवडे झाले असतील. दुपारी खिडकीतून तिच्या तोंडावर ऊन आलं, म्हणून मी पडदा ओढायला वाकले, आणि गालावर ते दिसलं. पांढरंशुभ्र. तिच्या म्हाताऱ्या, सुरकुतलेल्या गालावर अंगणातल्या त्या सकाळइतकंच ताजं. आता तिची बोटं चालत नव्हती, म्हणून आलं होतं.

ती जागी होती. माझ्याकडे बघत होती. "बाई," ती कशीबशी म्हणाली, "राख आन."

मी तिच्या खाटेवर बसले. "काशे," मी म्हटलं, "सासूबाईंना जाऊन अठरा वर्षं झाली. सवत बनवून आणायला आता कोण बसलंय? कोणासाठी उपटत होतीस इतकी वर्षं?"

तिला शब्द गोळा करायला वेळ लागला.

"तुह्यासाठी वं," ती म्हणाली. "तुले पाह्यवत नव्हतं ना ते."

खरं लिहायचं म्हणून बसले आहे, तर हेही लिहिते. त्या क्षणी रडू आलं, पण रडण्याच्या आधी हेवा आला, तोच जुना. आयुष्यभर कोणासाठी काही असं करावं आणि चकार शब्द काढू नये, हे मला एकदाही जमलं नव्हतं, आणि हिला साधं साय ठेवावी तसं जमलं होतं.

राख मी आणली नाही. त्यानंतर ती नऊ दिवस होती. रोज सकाळी मी तिच्या गालाला बोट लावून आपल्या कपाळाला लावायची, बाबा लावायचे तशी, आणि ती जड जिभेने मला चिडवायची, "बैलायलेही लाव." नवव्या दिवशी बायांनी तिला न्हाऊ घातलं. त्यांतली एक म्हणाली, गालावर हे काय आहे, काढून टाकू का? मी म्हटलं, हात लावू नका, ते तिचं आहे.

धाकट्या सुनेला आता एवढंच सांगते. माझ्यामागे डबी हवी तेवढी घासा, ती रिकामी असेल. तोवर आतलं मात्र वातीत वळू नका. माझी बोटं अजून चालतात तोवर मी ते तिवशाला, काशीच्या सासरच्या शेतात नेऊन ठेवीन.